कुंदाची डॉल्फिन

जाळ्यात अडकलेली डॉल्फिन मादी धडपडत जाळं फाडत होती. विश्राम तांडेलने संतापून कोयता तिच्या पाठीत घातला. दुसरा घाव घालणार, तोच वायरलेसवर त्याची बहीण कुंदा किंचाळली, "दादा, मारू नको! माका लागता!"

किनाऱ्यावरच्या डॉल्फिन-गणना केंद्रातल्या प्रत्येक रखवालदाराच्या मज्जातंतूंशी एकेक डॉल्फिन जोडलेली होती; तिला जे दिसे, जे दुखे, ते त्यालाही जाणवे. कुंदाची कुठली, हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं.

विश्रामने जाळं कापलं. रक्ताळलेली मादी खोल पाण्यात गेली.

तो केंद्रात पोचला तेव्हा कुंदा जमिनीवर तडफडत होती. अंगावर ओरखडाही नव्हता.

"हिची जोडणी तोडा!" तो ओरडला.

कुंदाने त्याचं मनगट घट्ट धरलं. "नको, दादा. अजून दुखता, म्हणजे ती जिवंत आसा."