मका बंद

डॉक्टरांनी मका बंद करायला सांगितल्यावर एलेउतेरिआ आजींनी कणसं सोडली, मक्याची पेज सोडली, सणाला वाफवलेले मक्याच्या पिठाचे तमालेसुद्धा नातवंडांना वाटून टाकले. तरी अंगावर गांधी उठायच्या थांबेनात. मग त्यांचा संशय सुनेवर गेला. त्या दिवसभर चुलीपाशी बसून तिच्या हातांवर नजर ठेवू लागल्या.

"विसेन्ता, कालवणात गुपचूप मक्याचं पीठ घालतेस ना?"

"मी कशाला घालू, आई? डॉक्टरकडे मीच नेलं ना तुम्हाला?"

"हो, तुझ्यावर आळ येऊ नये म्हणून."

आजींनी मुलाला बजावलं, "हिला माहेरी धाड, नाहीतर मी जाते."

विसेन्ताने गाठोडं बांधलं. पण निघण्याआधी ती डॉक्टरांना घरी घेऊन आली. आजी जेवत होत्या. मक्याच्या गरम तोर्तियाचा, म्हणजे पातळ भाकरीचा, तुकडा मुडपून त्यांनी त्यात घेवडा भरला आणि तुकड्यासकट तोंडात टाकला. मग दुसरा तुकडा हातात घेतला.

"आजी, मका बंद आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाणासुद्धा शिवले नाही."

"मग हातात काय आहे?"

आजींनी हाताकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

 

"हा? हा तर माझा चमचा आहे."