कुडावरची बोटं

"दार लाव गो," कोंडू म्हणाला. "शेजारची सोमी बघंल."

अनिताने दार लोटले. कोंडूने बाह्या सरसावल्या, शेणमातीचा गोळा उचलला आणि भिंतीवर हात फिरवायला घेतला. पाऊस सरला होता, दसरा तोंडावर आला होता. झडीच्या बाजूच्या कुडाचा लिंपा ओलीने सुटून आतल्या कारवीच्या काठ्या दिसू लागल्या होत्या. धसईजवळच्या त्या पाड्यावर सध्या घरोघरी हेच काम चालले होते. बाकीच्या घरांत ते बाया करत होत्या, एवढाच फरक.

कोंडूची बायको जना गेली तेव्हा अनिता शाळेतही जात नव्हती. त्या दसऱ्याला शेजारची घरं नटली आणि आपलं तसंच राहिलं म्हणून पोरगी रडली. पुढच्या वर्षी कोंडूने दार लावून घेतले आणि सारवायला शिकला. आता त्याचा हात असा बसला होता, की चार बोटांचे पंखे एकापुढे एक सरळ रांगेत उमटत. पोरीचा हात आईवर गेलाय, असे गाव म्हणे आणि कोंडू मिशीत हसे. खरे तर अनिताला शिवणयंत्रापलीकडे कशातच गोडी नव्हती. तिने सारवलेल्या जमिनीवर म्हशी झुंजून गेल्यासारख्या वाटत.

पण पोरगी गुणाची होती आणि तिचे लग्न हाच कोंडूच्या जिवाला घोर होता. आलेली सगळी स्थळं तिने परतवली होती. कारण विचारले की ती शिवण पुढ्यात ओढे. म्हणून शहापूरला शिवणकाम शिकायला गेलेली अनिता परत आल्यावर स्वतःच म्हणाली, "बाबा, एक स्थळ हाय," तेव्हा कोंडूला आभाळ ठेंगणे झाले.

"पोरगा काय करतो?"

"आदी त्यांना घर पसंत पडू दे. गिरजाबाय म्हणून हाय, ती नि तिचा भाऊ येतील आटगाववरनं. आनि दाढी कर. मी शिवलेला सदरा घाल."

बापाचा अवतार बघून स्थळ परत जायला नको, हे कोंडूला पटले.

मग त्याने घराला हात घातला तो असा, की बघणाऱ्याने बघत राहावे. भिंतीच्या तळाला गेरूचा पट्टा ओढला. त्यावर तांदळाच्या पिठाची नक्षी काढली. अंगण चोपून घोटून असे केले, की सांडलेला दाणा न् दाणा वेचता यावा. दाराला झेंडू, आंब्याची पानं आणि शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधले. मग लांब उभा राहून त्याने सगळे एकदा पाहून घेतले. हे स्थळ आता जातंय कुठं, तो मनाशी म्हणाला.

पाहुणे दुपारच्या एसटीने आले. गिरजा चाळिशीची, मोकळ्या कपाळाची, ताठ चालीची बाई होती. सासू तशी तरणी आहे, कोंडूच्या मनात आले. तिचा भाऊ कुंडलिक घोंगडीवर बसला, पण ती बसेना. अनिताने चहा पुढे केला तर तिने धड तिच्याकडे पाहिलेही नाही. ती भिंतीपाशी गेली. पक्की बाई! घरावरून पोरगी पारखतेय. कोंडूला ते फार आवडले.

"हात लय चांगला बसलाय," गिरजा म्हणाली. "कोनी सारवलं?"

"पोरीनं," कोंडूने ठोकून दिले.

"नि ती नक्षी?"

"तीबी तिनंच. चूल, पानी, झाडलोट सगळं ती बगते. मी इकडची काडी तिकडं करत नाय. बसल्या जागी भाकरी येते माझी."

गिरजाचा चेहरा उतरला. कोंडूला वाटले, अजून कमी पडतेय.

"पान्याचा तांब्यासुदा मी हातानं घेतला नाय कधी," त्याने जोर लावला.

गिरजाने भावाकडे पाहिले. "असं घर मी एकदा भोगलंय, दादा. ऊठ, निगू." आणि ती दाराकडे वळली.

"खोटं बोलतोय तो!" अनिता ओरडली. "भिंत त्यानंच सारवलीय. दर वर्सी दार लावून सारवतो. नक्षीबी त्याची, भाकरीबी त्याची. मला सादी भाकर थापता येत नाय, बाय!"

कोंडूने कपाळावर हात मारला. पोरीने स्वतःच्या हाताने आपल्या संसारावर धोंडा घातला होता. आता ही बातमी आटगावपर्यंत जाणार आणि पुन्हा कोणी या दारात यायचे नाही. लाजेने त्याला मान वर करवेना.

गिरजा मात्र परत आली. तिने आपला पंजा भिंतीवरच्या पंख्यावर ठेवून पाहिला. तिची बोटं त्या बोटांपुढे चांगलीच तोकडी पडली. मग तिने कोंडूच्या हाताकडे पाहिले. नखांत अजून गेरू होता.

"दादा," ती म्हणाली, "मला पसंत हाय." आणि घोंगडीवर बसून तिने निवलेला चहा उचलला.

अनिता दाराआड जाऊन रडू लागली, पण ते रडणे सुखाचे होते. कोंडूचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. भाकरी न येणारी पोरगी आणि तीही पसंत! देवच पावला म्हणायचा. त्याने सदरा सारखा केला, घसा खाकरला आणि पोरीच्या बापाला शोभेल अशा आवाजात विचारले, "मंग नवरदेवाला कवा आनताय?"

गिरजा पदराआड हसली.

"त्याला कशाला आनायचं? भिंत त्यानंच सारवलीय ना?"