तीन हात

“रविवारपर्यंत होईल,” रंगारी म्हणाला, “पण वास राहील, साहेब.”

“वास राहिला तर राहू दे,” घरधनी म्हणाला. “काम राहायला नको.”

रविवारी त्याची बायको इस्पितळातून घरी यायची होती. सात महिन्यांपूर्वी त्यांची चार वर्षांची मुलगी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हापासून आईच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. डॉक्टर आता तिला दोन आठवडे घरी पाठवून बघणार होते. रुळली तर ठीक, नाहीतर लांबच्या एका संस्थेत ठेवायचं, किती दिवस ते कुणीच सांगत नव्हतं. “घराचं रूप बदलून बघा,” ते जाता जाता म्हणाले होते. त्यानं तेवढंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी रंगारी गाठला.

बाहेरच्या काळवंडलेल्या भिंती पिवळ्या झाल्या. फाटक हिरवं झालं. स्वयंपाकघराला फिकट केशरी रंग लागला. जेवणाच्या खुर्च्या त्यानं स्वतः घासून पांढऱ्या करायला घेतल्या, तेव्हा रंगाऱ्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “साहेब, ब्रश आहे तो. झाडू नाही.”

बऱ्याच दिवसांनी तो हसला. यापूर्वी त्यानं एकदाच ब्रश धरला होता, मुलीचं कपाट निळं करायला. मुलगी म्हणजे घरातली ठमाकाकू, तिच्या देखरेखीशिवाय पान हलायचं नाही. तो फोन घ्यायला बाहेर गेला आणि तेवढ्यात तिनं रंगाच्या डब्यात हात घातला. दुसऱ्या हातात बिस्कीट होतं, तो मात्र तिनं शहाण्यासारखा वर धरला होता. खोबरेल तेल लावून तो रंग काढता काढता आईच्या नाकीनऊ आले होते.

मुलीच्या खोलीत तो आता पाऊल टाकत नव्हता. टाकवतच नव्हतं. मुलगी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून त्यानं तिची खाट, खेळणी, फ्रॉक, सगळं देऊन टाकलं. निळं कपाट तेवढं मागं राहिलं. “डोळ्यांसमोर नको,” बहीण म्हणाली होती, आणि त्यालाही ते पटलं होतं. बायकोला विचारायचं मात्र राहून गेलं. त्याच संध्याकाळी तिनं ते जड निळं कपाट एकटीनं ओढत खाटेच्या जागी नेलं. मग ती तासन्‌तास त्याच्याशेजारी जमिनीवर बसायला लागली, कपाट आणि भिंत यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालून. त्यानं दारातून हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं होतं.

गुरुवारी तो रंगांचं पुस्तक घेऊन इस्पितळात गेला. ती खिडकीशी बसली होती. त्यानं एकेक पान उलटून दाखवलं, बाहेरचा हा, स्वयंपाकघराचा हा, आणि धीर करून शेवटी म्हणाला, “तिची खोली पण करतोय. रंगाचे दोन-दोन हात देऊन अगदी नवी करतो. चालेल ना?”

तिनं मान वर केली. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस भरवशाचा आहे का ते ठरवत होती.

“कपाटामागे एकच हात,” ती म्हणाली. “तेवढा राहू दे.”

सात महिन्यांतलं पहिलं वाक्य. आणि तेही काटकसरीचं. दिसत नाही तिथं कशाला रंग वाया घालवायचा, ही तिची जुनी शिस्त. त्याची जुनी बायको बोलली होती. तो बाहेर येऊन जिन्यात बसला आणि पोटभर रडला.

शनिवारी दुपारी काम अगदी हातघाईवर आलं होतं. तो व्हरांड्यात शेवटच्या खुर्चीवर वाकला होता, तेवढ्यात रंगारी फडक्याला बोटं पुसत बाहेर आला.

“कपाट सरकवलं. मागं खाली एक निळा डाग आहे. तेलाचा रंग दिसतोय.”

“एकच हात द्या तिथं. बाईंनी सांगितलंय.”

“एका हातात नाही झाकला जायचा. वर येईल.” रंगारी घुटमळला. “तुम्ही एकदा येऊन बघता का?”

त्यानं ब्रश परत डब्यात बुडवला. ती खोली, ती जागा.

“डागात काय बघायचंय?” तो म्हणाला. “तीन हात द्या. तिला कुठं डाग दिसायला नको.”

“आधी घासावा लागेल.”

“मग घासा.”

रविवारी ती आली. हिरव्या फाटकावर तिनं बोट फिरवलं. पांढऱ्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून ती थोडं पाणी प्यायली आणि म्हणाली, “छान झालंय.” त्याच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, जिंकलो.

मग ती उठून त्या खोलीत गेली. तोही मागोमाग गेला, सात महिन्यांनी पहिल्यांदा. ती कपाटाशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं फटीत हात घातला. त्यानं अडवलं नाही. तिचा तळवा आत भिंतीवरून फिरताना ऐकू येत होता, वर, खाली, परत वर, आणखी घाईनं. मग तो आवाज थांबला.

तिनं हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

“एकच राहू दे म्हटलं होतं,” ती म्हणाली. “तिचा.”