सात हातांची घोंगडी

टेबलावर ठेवलेल्या काळ्या घोंगडीकडे चौकातली दोन-अडीचशे माणसं सापाकडे बघावं तशी बघत होती.

परवा पहाटे सोलापूरच्या बाजारातल्या पोलीस चौकीवर कुणीतरी बॉम्ब टाकला. मेलं कुणी नाही. चौकीची कौलं उडाली आणि शेजारी दुकान उघडायला आलेल्या शिवलिंगप्पा पानवाल्याचा पाय भाजला. टाकणारा पळाला. चौकीच्या ओट्यावर ही घोंगडी तेवढी सापडली. घोंगडी म्हणजे धनगर, हे ठरवायला फौजदारांना पळभरही लागलं नाही. शहराबाहेर मेंढरं घेऊन उतरलेल्या तळावरचे नऊ बाप्ये दुपारच्या आत कोठडीत गेले. त्यात केराबाईचा नवरा सिद्धनाथ होता.

गेल्या साली मार्शल लॉ भोगलेल्या शहराला गोरी पलटण पुन्हा नको होती. कुणाच्या तरी माथी मारून मोकळं झालेलं बरं, म्हणून आज सभा भरली होती. धनगरांना शहराच्या हद्दीत पाय ठेवू द्यायचा नाही, असा ठराव मांडायला मल्लप्पा अडते उभे होते.

"ह्या लोकान्ला घर न्हाई, दार न्हाई. आज हितं, उद्या मोडनिंबाला. बॉम्ब टाकून गेलं तर कुटं हुडकायचं की?"

"बरोबर!" सभा म्हणाली. एक मास्तर "पुरावा तर पुरा होऊ द्या," असं म्हणायला उठले. त्यांना लोकांनी खाली बसवलं. दिवस थंडीचे होते. बरोबर म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर घोंगड्याच होत्या, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

केराबाई सकाळपासून पुढंच बसून होती. ती उठली.

"मला बघू द्या की ती."

"तुला काय बघायचंय?" मल्लप्पांनी दटावलं.

"आवो, घोंगड्या इकूनच पोट भरतंय माजं. हातात घेटली की कळतंय, कुणाची हाय ती."

फौजदार मिशीत हसले. "बघू दे तिला. नवऱ्याचं नाव आपल्याच तोंडानं सांगेल."

केराबाई टेबलापाशी आली. सिद्धनाथाचीच निघाली तर? तिनं घोंगडी उलगडली, जाड सूत चिमटीत धरलं, काठावरून बोट फिरवत नेलं. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथं जादा पट्टी जोडलेली होती. ती शिवण तिच्याच हातची होती. केराबाईच्या तोंडावर हसू आलं, ते तिनं पदराखाली घेतलं.

मग कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत ती सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजू लागली. "एक. दोन. तीन." "सात."

"मग?" फौजदारांनी विचारलं.

"आमच्या तळावर सहा हाताच्या वर एकबी घोंगडी न्हाय, सायेब. जावा, मोजून बघा. ही एका गिऱ्हाइकानं दिवाळीला सांगून वाढवून घेटली. म्हनला, बाई, मी लई उंच. रातच्याला पाय भाईर ऱ्हात्यात."

"कोण गिऱ्हाईक?"

केराबाईला बोलावंच लागलं नाही. सभेतली माणसं उंच माणूस शोधू लागली होती. एकेक करून सगळ्यांच्या नजरा फौजदारांच्या टोपीवरून मागं गेल्या आणि तिथंच थांबल्या. फौजदारांच्या मागं, त्यांच्याहून दीड वीत उंच, चौकीचे हवालदार धोंडीराम उभे होते. ते आभाळाकडं बघत होते.

"हवालदार!"

"सायेब, जरा डोळा लागला हुता. ओट्यावर निजलो हुतो. धडाम झालं, तसा उठून पळालो."

"आणि घोंगडी तुझी आहे, हे बोलला नाहीस?"

"बोलणार हुतो की! पर तुमीच उचलून म्हनला, धनगराची हाय. सायेबाला खोटं कसं पाडू?"

आधी शिवलिंगप्पा हसला. मग मास्तर. मग सगळा चौक असा हसू लागला, की झाडावरचे कावळे उडाले. फौजदार जरा वेळ डोळे वटारून उभे राहिले, पण मिशी थरथरायला लागली तशी त्यांनी पाठ फिरवली. "सोडा त्या नऊजणांना," ते जाता जाता म्हणाले. मल्लप्पांनी ठरावाच्या कागदाची घडी केली आणि ती कोटाच्या आतल्या खिशात घातली.

घटकाभरात सिद्धनाथ बाहेर आला. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि त्याला भूक लागली होती. "मेंढरं पाजलीस का?" त्यानं पहिल्यांदा एवढंच विचारलं. केराबाई त्याच्या दंडाला धरून निघाली. तळावर मेंढरं ओरडत असतील, पीठ मळायचं असेल, पण आज पायांना वजनच नव्हतं. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कुणी "शाबास बाई" म्हणत होतं.

मागून मल्लप्पांचा आवाज आला. "पर मग बॉम्ब टाकला कुणी?"

"पद्मशाली विणकरांची पोरं असतील," कुणीतरी म्हणालं. "रातभर मागावर जागी असत्यात. तेलगूत काय बोलत्यात, ते तरी कुणाला कळतंय?"

"बरोबर! हे आदी ध्यानात कसं आलं न्हाई?"

केराबाई थांबली. तिनं नवऱ्याचा दंड सोडला.

"तुमी व्हा म्होरं. मेंढरांकडं बघा."

"आता आनि काय?"

ती आली होती त्या वाटेनं परत फिरली, गर्दीतून पुढं आली आणि पदर खोचून मल्लप्पांच्या समोर उभी राहिली.

"बोला मल्लप्पाअण्णा. त्येंचं काय घावलंय चौकीवर?"

मल्लप्पांनी इकडं-तिकडं बघितलं. बाकड्यावर बसलेल्या शिवलिंगप्पानं आपला भाजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला आणि केराबाईला बसायला जागा करून दिली.