पाव वळसा

तिसरी खुंटी पाव वळसा, नववी अर्धा. ल्यूट पुन्हा कोपऱ्यात भिंतीला टेकवून तिने पदराला हात पुसले. नवरा यायला अजून वीस मिनिटं होती.

दूध तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती, त्यामुळे याही कामाला शिस्त होती. एकच खुंटी लागोपाठ दोन दिवस फिरवायची नाही. एका वेळी तीनपेक्षा जास्त तारा सुरातून उतरवायच्या नाहीत, संशय येतो. तारा एकूण पंधरा. जन्मभर पुरल्या असत्या.

ल्यूट, म्हणजे जुनं युरोपीय तंतुवाद्य, नवऱ्याने पलीकडच्या गल्लीतल्या मित्राकडून शिकायला आणली होती. अर्धी चिरलेली नासपती आणि मागे मोडलेली मान, असं तिचं रूप. घरी आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, की हा शब्द मुळात अरबी आणि त्याचा अर्थ लाकूड. पहिल्या आठवड्यात त्याने रोज संध्याकाळी एकच धून तासभर वाजवली, तेव्हा तिलाही तो अर्थ पटला.

मग तिला खुंट्या सुचल्या. तारा उतरलेल्या असल्या की तो आधी त्या लावत बसायचा. एक टणत्कार, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा एक टणत्कार. जेवणाची वेळ होईपर्यंत धुनेची पाळीच येत नसे. मधल्या शांततेत तिचा डोळाही लागायचा.

"अगं, सरळ सांगून टाक ना भाऊजींना," बहीण फोनवर म्हणाली.

"इतक्या वर्षांनी कशात तरी जीव रमलाय त्यांचा. हौस कशी मोडू?"

असे आठ महिने गेले.

एका मंगळवारी प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं आणि तिला घरी यायला उशीर झाला. आज खुंट्या तशाच राहिल्या होत्या. जिना चढताना तिने मनाची तयारी केली. दार उघडलं तर घर चिडीचूप. नवरा सोफ्यावर पाय पसरून बसला होता आणि कोपरा रिकामा होता.

"अहो, ल्यूट कुठंय?"

"दिली परत!" त्याचा चेहरा परीक्षा संपलेल्या पोरासारखा झाला होता. "आज पंधराच्या पंधरा तारा सुरात! एकाही खुंटीला हात लावावा लागला नाही. तशीच उचलली आणि मित्राला देऊन आलो."

"आणि तुमची हौस?"

"कसली हौस! आपल्याला जमायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. परत द्यायला निघालो, तर तेव्हापासून रोज उतरायला लागली. म्हटलं, बिघडवली आपण. आता दुसऱ्याची वस्तू कोणत्या तोंडाने परत करायची? एक दिवस, अगं, एकच दिवस नीट राहिली असती, तर आठ महिन्यांपूर्वीच आपण दोघं सुटलो असतो."