चौथा गुडघा

“कारण अज्ञात, असं टाका,” दिपक म्हणाला.

सोलापुरातल्या या खासगी हॉस्पिटलात प्रत्येक रोगाचा ठरलेला कोड सरकारी आरोग्य योजनेच्या संगणकात भरायचा, एवढंच या टेबलाचं काम. दिपक त्या टेबलाचा साहेब. समोर रोगी असला तरी तो स्क्रीनकडेच बघायचा, आणि रोग कशाने झाला हे मात्र तोच ठरवायचा.

कोड भरणाऱ्या राजश्रीची बोटं कीबोर्डवर थांबली. समोर करकंबच्या शिवबाई बसल्या होत्या. अंगठा घ्यायला त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. डावा गुडघा भोपळ्याएवढा. सांध्यात पू झाला होता आणि तो आजच धुवून काढायचा होता.

“सर, आपल्याच शिबिरात यांना गुडघ्यात इंजेक्शन दिलंय. या आठवड्यातला हा चौथा गुडघा. इंजेक्शनमुळे झालेल्या संसर्गाला वेगळा कोड आहे. तो टाकला तर चौकशी लागेल, रविवारचं टेंभुर्णीचं शिबिर तरी थांबेल.”

“म्हणूनच टाकायचा नाही.”

“एकाच बाटलीतनं समद्यास्नी टोचलं की,” शिवबाई कण्हत म्हणाल्या. “म्या बगितलंय.”

“आजी, तुम्ही काय डॉक्टर आहात का?” तिसऱ्या खेपेला बी. कॉम. झालेल्या दिपकने विचारलं.

राजश्रीही काही धुतल्या तांदळाची नव्हती. नोकरी डोळ्यांपुढे आली आणि तिने मुकाट्याने ‘अज्ञात’ टाकलं. बाईंचा अंगठा घेतला. वॉर्डबॉयने खुर्ची ढकलत नेली.

दिपकने समाधानाने चहा संपवला. मग मोबाइल घेऊन खिडकीशी गेला. आवाज खाली घेतला, पण आई कानाने कमी, त्यामुळे स्पीकर लावावा लागला.

“आई, रविवारच्या शिबिरात नाव दिलंयस न्हवं? जाऊ नगंस.”

“का रं? गुडगं लई दुकत्यात की. तुजंच हास्पिटल हाय म्हणून गल्लीत सांगितलंय म्या.”

“न्हाय म्हटलं ना. इंजेक्शन घ्यायचं न्हाय.”

“बरं बाबा. पर शेजारची बजाबाई माज्याच भरवशावर निगालीया. तिला काय सांगू?”

दिपकने मागे वळून बघितलं. राजश्री त्याच्याकडेच बघत होती.

“तिला काय बी सांगू नगंस,” तो म्हणाला.