दोघांचा वर्ग

"तू पेपरला फक्त नाव घालून उठून येणार, हे खरंय का?"

टेगनने गाडीचं दारही नीट लावलं नव्हतं. फर्गस मेंढ्यांच्या वाड्याच्या फाटकाशी उभा होता. उद्या लोकर कातरणारे येणार होते आणि निम्मा कळप अजून बाहेर होता.

"आईला कबूल केलंय, बारावीच्या परीक्षेला बसेन म्हणून," तो म्हणाला. "किती वेळ बसेन ते कबूल केलेलं नाही."

जुलैत चारचाकी बाइक उताराला उलटली आणि त्याचे वडील गेले. त्यानंतर तो शाळेत फिरकला नव्हता. ऑगस्टची सराव परीक्षा चुकली. शाळेची पाकिटं न उघडताच चुलीत गेली. शेजारणींनी भरून आणलेली भांडी त्याने घासून ज्याच्या त्याच्या फाटकावर नेऊन ठेवली, आणि पुन्हा काही आणू नका म्हणून सांगितलं. त्यानंतर फारसं कुणी आलं नव्हतं.

"समजूत घालायला आली असशील तर परत जा."

"तुझी समजूत घालायला? फुकटचा फुगू नकोस. मी माझ्या मार्कांसाठी आलेय."

तिने एक काटकी उचलली आणि धुळीत दोन आकडे काढले. नव्वद आणि तीस.

"प्राचीन इतिहासाला आपण दोघंच. निम्मे मार्क परीक्षेचे, निम्मे शाळेचे. पण शाळेने दिलेले मार्क जसेच्या तसे कुणी धरत नाही. शाळेकडून धरतात तो क्रम. दोघांच्या पेपरातला मोठा आकडा शाळेत पहिल्या आलेल्याला, लहान आकडा दुसऱ्याला. बरोबर?"

"बरोबर."

"आता मी मर मर मरून नव्वद काढले आणि तू नुसता डुलक्या काढून तीस. तू पहिला, मी दुसरी. शाळेचे म्हणून माझे नव्वद तुला, आणि तुझे तीस मला. बेरीज करून निम्मे कर. दोघांना साठ साठ. साठात मला वागाच्या विद्यापीठात पशुवैद्यकीला कोण घेणार?"

फर्गस आकड्यांकडे बघत राहिला. जूनपर्यंत प्रत्येक चाचणीत तो तिच्या पुढे होता, हे खरंच होतं.

"सराव परीक्षा मी दिलीच नाही. मी पहिला कसा?"

"तुझे आधीचे मार्क धरले. घरात असं काही झालं की धरतात."

"आणि मी दुसरा असतो तर?"

"मग पेपरात तू मेंढ्यांची चित्रं काढलीस तरी माझं काय जात होतं? तीस किलोमीटर धूळ खात आले असते का मी?"

त्या संध्याकाळी त्याने इतिहासाच्या ऑर्मंड सरांना फोन केला.

"सर, टेगन म्हणते ते खरं आहे?"

"नियम तिने अगदी बरोबर सांगितलाय," सर म्हणाले.

"आणि क्रम?"

"परीक्षा संपेपर्यंत मला तो सांगता येत नाही, फर्गस. एवढंच सांगतो, तिच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेगन वह्या घेऊन आली तेव्हा फर्गसने कातरणीच्या शेडमधलं एक बाकडं झाडून ठेवलं होतं.

रोज चहाच्या सुट्टीत अर्धा तास आणि काम संपल्यावर दोन तास. पॉम्पेईच्या बेकऱ्या, स्नानगृहं, भिंतींवरचे निवडणुकीचे मजकूर. मग स्पार्टा. कातरणाऱ्यांना करमणूक झाली.

"मास्तरीणबाई, आमची दीडशे मेंढरं झाली," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "तुमचं एक अजून तिथंच?"

"हे लाथा झाडतं ना," टेगन म्हणाली.

फर्गस हसला. शेडच्या दारात त्याची आई चहाची किटली घेऊन उभी होती. पुढचे दोन कप तिने भरायला जरा जास्तच वेळ घेतला.

पॉम्पेईत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या माणसांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून केलेल्या आकृत्यांचं पान आलं, त्या दिवशी तो उठून बाहेर गेला. टेगन मागे गेली नाही. वीस मिनिटांनी परत येऊन तो म्हणाला, "चल. तुझे मार्क जायला नकोत."

"नकोतच," ती म्हणाली आणि पान उलटलं.

ऑक्टोबरअखेर पेपर झाला. शाळेच्या हॉलमध्ये दोन टेबलं होती. फर्गस तीन तास लिहीत होता. दोनदा हात वर करून त्याने जादा पुरवणी मागितली. बाहेर आल्यावर दोघं पायरीवर बसली.

"तुला बुडवलं नाही मी," तो म्हणाला. "ऐंशीच्या वरच जाईन."

"बरं झालं," टेगन म्हणाली. ती बुटाची नाडी बांधत होती. "माझा जीव टांगणीला लागला होता."

नोव्हेंबरात सगळे पेपर संपले, तशी शाळेतल्या क्रमांची यादी उघडली. निकाल डिसेंबरात लागायचा होता. फर्गसला यादी बघायची घाई नव्हती. त्यात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. आईनेच रात्रीच्या जेवणानंतर कॉम्प्युटर टेबलावर आणून ठेवला.

"मला बघायचाय तुझा पहिला नंबर," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या वाटचाही बघते."

तिने चष्मा लावला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. फर्गसने आपला परीक्षा क्रमांक टाकला. एकेका विषयाचं नाव वर सरकत गेलं. प्राचीन इतिहास सगळ्यात खाली होता.

वर्गातले विद्यार्थी, दोन. फर्गसचा क्रमांक, दुसरा.